तगादा करणारा आणि माफ करणारा

मगरिबची नमाज आटोपली की आमच्या मशिदीत दोन-चार माणसे आपापले प्रश्न घेऊन थांबतात. कुणाला वारसाहक्काची वाटणी समजून घ्यायची असते, कुणाला जकातीचा हिशोब हवा असतो, आणि पुष्कळांना नुसते कुणाशी तरी बोलायचे असते. काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ असेच थांबले. त्यांच्या आईवर हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. बिल झाले तीन लाख चाळीस हजारांचे. घरातले आणि नातेवाइकांचे मिळून एक लाख भरले. उरलेल्या रकमेसाठी रुग्णालयातच टेबल मांडून बसलेल्या माणसाने एका फायनान्स कंपनीचे कर्ज अर्ध्या तासात करून दिले. चोवीस हप्ते ठरले. आठ वेळेवर गेले, मग हातचे काम सुटले, आणि तीन हप्ते थकताच फोन सुरू झाले. आधी त्यांना, मग मेव्हण्यांना, मग गल्लीतल्या किराणा दुकानदाराला. शेवटी एके रात्री इशानंतर दोन तरुण दारात उभे राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले.

हे सारे सांगूनही त्यांनी मला कर्जाविषयी काहीच विचारले नाही. ते म्हणाले, "मौलाना, फोन वाजला की मी तो सातवीतल्या पोरीच्या हातात देतो आणि खुणेनं सांगतो, अब्बा घरात नाहीत म्हण. याचा गुनाह तिच्यावर का माझ्यावर?"

मसला म्हणून उत्तर अवघड नव्हते. अजाण मुलीकडून खोटे वदवून घेणाऱ्यावरच त्याचा भार. मी तसे सांगितले आणि ते मान खाली घालून गेले. पण घरी आल्यावर माझे मलाच वाटू लागले की उत्तर बरोबर असूनही अपुरे होते. कारण हा प्रसंग मी कुठेतरी वाचलेला होता, आणि तेथे त्याचा शेवट असा झाला नव्हता.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबुल यसर (रजि.) यांची हकीकत आहे. त्यांचे एका माणसाकडे येणे होते. ते त्याच्या घरी गेले, सलाम केला आणि तो आहे का, असे विचारले. घरच्यांनी नाही म्हणून सांगितले. इतक्यात त्याचा वयात येऊ घातलेला मुलगा बाहेर आला. वडील कुठे आहेत, असे त्याला विचारताच त्याने खरे ते सांगून टाकले: त्यांनी तुमचा आवाज ऐकला आणि ते आईच्या पलंगाच्या पडद्याआड शिरले. अबुल यसर (रजि.) यांनी हाक मारली, तू कुठे आहेस ते मला कळले आहे, बाहेर ये. तो आला. लपलास का, असे विचारल्यावर त्याने जे उत्तर दिले ते, वाचकहो, आपण सावकाश समजून घ्यावे. तो म्हणाला की मी आता खोटे बोलणार नाही, मला भीती वाटली ती याची, की आपल्याशी बोललो तर खोटे बोलेन, वायदा केला तर मोडेन, आणि आपण तर प्रेषितांचे (स.) सहाबी, आणि अल्लाहची शपथ, मी तंगीत आहे. अबुल यसर (रजि.) यांनी त्याच्याकडून तंगीची शपथ पुन्हा पुन्हा वदवून घेतली. मग कर्जाचा कागद मागवला, आपल्या हाताने त्यावरील मजकूर पुसला आणि सांगितले की जमले तर फेड, न जमले तर तू मोकळा आहेस. अडचणीतल्या कर्जदाराला सवड देणाऱ्याला किंवा त्याचे देणे सोडून देणाऱ्याला अल्लाह आपल्या छायेत घेईल, हे त्यांनी प्रेषितांच्या (स.) मुखातून स्वतः ऐकले होते.

दाराआडचे खोटे तेथेही होतेच. घरची वडीलधारी माणसे सरळ 'नाही' म्हणाली. फरक पडला तो दाराबाहेर कोण उभे होते त्यामुळे. तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कर्जाचा कागद होता आणि तो पुसण्याचा अधिकारही. म्हणून लपलेला माणूस बाहेर येऊन खरे बोलू शकला, आणि खरे बोलण्याला काही अर्थ उरला.

आपल्या त्या गृहस्थांच्या दाराशी असे कोणी उभे नव्हते. वसुलीसाठी आलेल्या तरुणांना त्यांनी आईच्या आजाराचे कागद दाखवले असते, तिन्ही वेळा शपथ घेतली असती, तरी त्यांना काय करता येणार होते? मुदत देण्याचा अधिकार त्यांना नाही, दंड कमी करण्याचा नाही, माफीचा तर नाहीच. फिक्हच्या भाषेत ते 'वकील बिल-कब्ज', म्हणजे फक्त रक्कम ताब्यात घेण्यापुरते नेमलेले. अशा वकिलाने मूळ मालकाच्या परवानगीवाचून कर्ज माफ केले तर ते माफ होत नाही. यात आपण हनफी आणि कोकणातले आपले शाफई बांधव यांच्यात वाद नाही. नियम योग्यच आहे. दुसऱ्याचे पैसे परस्पर सोडून देण्याचा हक्क कोणालाच नसावा. पण या साध्या नियमातून आजची एक मोठी नैतिक अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत अल्लाहने आदेश दिला आहे की ऋणको अडचणीत असेल तर त्याचे दिवस फिरेपर्यंत त्याला सवड द्यावी, आणि सोडून देणे हे त्याहून भले. हा आदेश धनकोला आहे. तो पाळायचा तर धनकोने ऋणकोची अडचण पाहिली पाहिजे. घरात चूल पेटते की नाही, आजारी माणूस खाटेवर आहे की नाही, हे त्याच्या डोळ्यांसमोर आले तरच सवड द्यावी की न द्यावी हा प्रश्न त्याच्या अंतःकरणाला पडेल. एजन्सीमार्फत वसुली सुरू झाली की पाहणारा एक आणि सोडू शकणारा दुसरा अशी फाळणी होते. जो अडचण पाहतो त्याला सोडता येत नाही. जो सोडू शकतो त्याच्यासमोर अडचण येतच नाही, त्याच्यासमोर थकबाकीची यादी येते. त्यात वसुलीच्या रकमेवर टक्केवारी ठरलेली असली, की दया हा पाहणाऱ्याच्या खिशाला बसणारा तोटा होतो. आयत जशीच्या तशी आहे, पण ती ऐकायची कोणी, हेच या व्यवस्थेत हरवून जाते.

अमेरिकेत ही फाळणी आणखी एक पायरी पुढे गेली आहे. तेथे रुग्णालये थकलेली बिले वसुली कंपन्यांना अत्यल्प किमतीत विकून टाकतात, आणि विकत घेणारा रुग्णाकडून पूर्ण रक्कम मागतो. या धंद्यातल्याच दोन माजी अधिकाऱ्यांनी २०१४ मध्ये तेथे एक संस्था काढली. ती देणग्या गोळा करून अशीच बिले त्याच पडत्या भावाने विकत घेते आणि रुग्णांना कळवते की तुमचे देणे संपले. साधारण एका डॉलरमध्ये शंभर डॉलरचे देणे मिटते असा तिचा हिशोब आहे. कर्जदाराला सोडून तिसऱ्यालाच कर्ज विकण्याचा व्यवहार आपल्या फकीहांनी का नाकारला असेल, हे मदरशात शिकताना मला नीट उमगले नव्हते. हा हिशोब वाचला तेव्हा थोडे उमगले. शंभराचे देणे एका रुपयात सुटण्याजोगे होते. फक्त ती संधी ज्याचे देणे होते त्याला मिळाली नाही.

मग वसुलीसाठी माणूस नेमणेच गैर म्हणावे का? नाही. सहीह बुखारीत पूर्वीच्या उम्मतीतील एका व्यापाऱ्याची हदीस आहे. तो लोकांना उधार देत असे आणि वसुलीला आपले नोकर पाठवीत असे. एखादा तंगीत दिसला की तो नोकरांना सांगे, याला सोडून द्या, कदाचित अल्लाह आपल्यालाही सोडून देईल. आणि अल्लाहने त्याला सोडून दिले. पुष्कळदा ही हदीस व्यापाऱ्याच्या उदारपणासाठी सांगितली जाते. मला तिच्यात नोकर महत्त्वाचे वाटतात. त्याचेही वसुली करणारे होते, पण सोडून देण्याचा हुकूमही त्यांच्याच हाती दिलेला होता. माणूस नेमण्यात दोष नाही. तगाद्याचा अधिकार देऊन दयेचा अधिकार काढून घेण्यात दोष आहे. आपल्यापैकी ज्यांची रुग्णालये आहेत, औषधांची दुकाने आहेत, पतसंस्था आहेत, त्यांनी आपल्या वसुलीच्या माणसाला काय सांगून पाठवतो हे एकदा आठवून पाहावे. त्याच्या हाती थकबाकीदारांची यादी देताना, घर खरेच अडचणीत दिसले तर परत येऊन मला सांग, एवढे एक वाक्य तरी देतो का?

डॉक्टर बांधवांसाठी येथे एक मसला नमूद करतो, कारण तो वारंवार विचारला जातो. थकलेले बिल सोडून दिले आणि तेवढी रक्कम जकातीत धरली, तर हनफी मतानुसार जकात अदा होत नाही. रुग्ण जकातीस पात्र असेल तर जकातीची रक्कम आधी त्याच्या हाती द्यावी, त्याला तिचा मालक करावे; मग त्याने त्यातून आपले देणे फेडावे. किचकट वाटेल, पण यात रुग्ण देणेकरी म्हणून ताठ मानेने पैसे फेडतो.

आता देणेकऱ्याकडे वळू. इमामाने फक्त धनकोला उपदेश करून थांबणे म्हणजे अर्धा दीन सांगणे होय. ऐपत असताना टोलवाटोलवी करणे हा जुलूम आहे, अशी स्पष्ट हदीस आहे. अबुल यसर (रजि.) यांनी कागद पुसण्याआधी शपथ घेतली, तीही एकदा नव्हे. तंगी ही सांगायची आणि पटवायची गोष्ट आहे, गृहीत धरायची नव्हे. घरात लग्नाचा मांडव सजतो आहे आणि रुग्णालयाला कागद दाखवतो आहे तंगीचा, हे मीही पाहिले आहे. आणखी एक पळवाट अलीकडे कानावर येते: कर्ज व्याजाचे होते, व्याज हराम, म्हणून मी फेडणारच नाही. व्याजाचा करार करणे ही चूक झाली, तिच्याबद्दल तौबा करावी, आणि सुटकेचा मार्ग जाणत्या मुफ्तींना विचारावा. पण मुद्दल तर आपल्याच आईच्या शस्त्रक्रियेत खर्च झाले आहे. व्याज सोडून देण्याचा हुकूम ज्या आयतींत आहे, त्यांतच मुद्दल धनकोचे असल्याचेही सांगितले आहे. निम्मी आयत आपल्या सोयीने वाचता येत नाही.

मात्र बिलाचा तपशील मागणे ही टोलवाटोलवी नव्हे. मजुरीच्या करारात मोबदला आधी माहीत असावा लागतो. तो अज्ञात राहिला तर करार सदोष ठरतो आणि अशा कामाला चालू दराने जो मोबदला मिळतो तोच देय होतो. याला 'उजरत-ए-मिस्ल' म्हणतात. मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दारात कोऱ्या फॉर्मवर सही करणाऱ्या मुलाला कोणत्या दराची माहिती असते? माझे मत असे आहे की दर न सांगता आकारलेल्या रकमांबाबत रुग्णाने बाबवार बिल मागावे, चालू दराशी ताडून पाहावे आणि जादा वाटेल त्याबद्दल लेखी विचारणा करावी. हे मत तपासून घ्यावे अशी जाणकार उलमांना विनंती आहे. राज्यातील खासगी रुग्णालयांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, अशी दुरुस्ती महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत केलेली आहे. ती भिंतीवर आहे का, हे पाहत चला.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोडू शकणाऱ्याला शोधणे. दाराशी आलेल्या तरुणाशी हुज्जत घालणे आणि त्याच्यापासून लपणे, दोन्ही सारखेच निष्फळ, कारण त्याच्या हाती काही नाही. फायनान्स कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी असतो. तंगीचे कागद त्याला लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, नातेवाइकांना व मित्रांना त्रास देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे. रुग्णालय धर्मादाय असेल तर वाट आणखी जवळची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि बिलाच्या रकमेतून २ टक्के बाजूला काढून निर्धन रुग्ण निधी सांभाळायचा असतो. ही भीक नव्हे. या संस्थांना समाजाकडून सवलती मिळालेल्या आहेत, त्यांची ही परतफेड आहे. पण हे रुग्णाला दाखल करतानाच विचारावे. बिल हाती आल्यावर फार उशीर होतो.

त्या गृहस्थांसोबत मी कंपनीच्या शाखेत गेलो तेव्हा दारात आलेल्या तरुणांपैकी एक तेथे बसलेला होता. मला पाहून तो उठला आणि त्याने सलाम केला. मी क्षणभर जवाब द्यायचाही विसरलो. बाहेर चहा घेताना तो म्हणाला, "मौलाना, महिन्याचं टार्गेट असतं. नाही आणलं तर हातात काही पडत नाही. घरी माझीपण अम्मी आहे." आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी बारावी झालेली, पदवी घेतलेली मुले आज हे काम करतात. त्यांना नुसते सोडून द्या म्हणणे मला शक्य झाले नाही. दुसरे काम माझ्या खिशात नव्हते. व्याजाच्या वसुलीतली नोकरी करू नये हे मी त्याला सांगितले, दुसरे काम शोधत राहा असेही सांगितले. आणि तोवरच्या दिवसांसाठी एक गोष्ट सांगितली. एकदा एक माणूस आपला उंट परत मागायला आला आणि प्रेषितांशी (स.) उद्धटपणे बोलला. सहाबा त्याच्यावर धावून जाऊ लागले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, कारण हक्कदाराला बोलण्याचा अधिकार असतो. हा अधिकार हक्कदाराचा आहे. ज्याचे पैसे अडकले त्याचा आवाज चढला तर समजता येते. भाड्याने घेतलेल्या जिभेला ही सवलत कुठून मिळणार? मालकाने शिव्या द्यायला सांगितले हे उत्तर कयामतच्या दिवशी चालणार नाही, कारण निर्मात्याची अवज्ञा करून निर्मितीची आज्ञा पाळता येत नाही. तुला माफ करता येत नसेल, पण पाहिलेले खरे लिहिता येते. तुमच्या अहवालात शेरा लिहायला जागा असते ना? तो म्हणाला, असते, पण कोणी भरत नाही.

राहता राहिली मशीद. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी मस्जिदे नबवीतच इब्न अबी हदरद (रजि.) यांच्याकडे आपले येणे मागितले आणि दोघांचे आवाज चढले. प्रेषित (स.) आपल्या खोलीत होते. त्यांनी पडदा बाजूला केला, कअब (रजि.) यांना हाक मारली आणि हाताने खूण केली की अर्धे सोड. सोडले, असे कअब (रजि.) म्हणाले. मग प्रेषितांनी (स.) देणेकऱ्याला सांगितले, ऊठ आणि उरलेले फेड. एका खुणेत दोन्ही बाजू आल्या. मशिदीत पैशांचे बोलणे नको म्हणून आपण ज्या गोष्टी दाराबाहेर ठेवतो, त्या तेथे मशिदीतच मिटल्या. आमच्या जमातीने यंदा ठरवले आहे की जकातीच्या रकमेतला काही भाग 'गारिमीन' या खर्चासाठी, म्हणजे कर्जात बुडालेल्यांसाठी, वेगळा ठेवायचा. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत त्यांचे नाव घेतलेले आहे, तरी आपल्या पावतीपुस्तकात ते क्वचितच दिसते. रुग्णालयात किंवा कंपनीत जाताना देणेकऱ्यासोबत जमातीतली दोन माणसे जातील. कागद समजणारा एक आणि शांत राहणारा एक.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगतो. रुग्णालय धर्मादाय निघाले, पण निधीसाठी आता उशीर झाला असे उत्तर मिळाले. कंपनीच्या अधिकाऱ्याने तिसऱ्या आठवड्यात पत्र पाठवले. दंडाची रक्कम सोडली, व्याज सोडले नाही. हप्ते लहान करून मुदत वाढवली. त्यांना एका गोदामात काम मिळाले आहे. अजून सतरा हप्ते बाकी आहेत, आणि कधीकधी तारीख चुकते. तेव्हा फोन येतो. मुलगी उचलते, थांबा म्हणते, आणि फोन वडिलांना नेऊन देते.